सातव्या दाराची दहा मिनिटं

यमुनाबाईचे गुडघे पहाटेपासून कुरकुरत होते, पण आज त्यांचं ऐकतंय कोण. तीन दिवस तिनं घर झाडलं, पुसलं, अंगण सारवलं, पायरीपासून गेटापर्यंत रांगोळीची रेघ ओढली आणि सकाळी नऊला पडवीत बसली ती बसलीच. समोर चौरंग, त्यावर नवा कोरा पंचा. बाजूला ताट: तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू, केसात माळायचा अबोलीचा वळेसर. खालच्या वाडीतून ढोल ऐकू येत होता. पालखी निघाली होती.

गाव रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. निम्मी माणसं रत्नागिरीत कामाला, निम्मी मुंबईला, उरलेली म्हातारी. शिमग्याला मात्र सगळी बंद दारं उघडतात, कारण ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. तीन दिवसांत एकशे सव्वीस दारं. कुठलं दार आधी, कुठलं मागनं, ते मानावर ठरलेलं. यमुनाबाईचं दार सातवं. सासऱ्याच्या, सदू रहाट्याच्या वेळेपासून सातवं. सातवं म्हणजे काही पहिलं नव्हे, पण सातव्याच्या मागं एकशे एकोणीस दारं उभी असतात, हे ती कुणी न विचारताच सांगायची.

गेल्या शिमग्याला पालखी या दारी आली नव्हती. होळीच्या चार दिवस आधी हरिहर, तिचा नवरा, गेला. घराला सुतक. देवाचा दोष नाही, माणसाचाही नाही. पण गावाचा नियम जुना आणि निष्ठुर: देव दोन वर्षं लागोपाठ दार चुकला, की त्या घराचा मान सरकतो आणि शेवटच्या दाराच्या मागं जाऊन बसतो. एकदा सरकला की सरकला. म्हणून यंदाची ही पालखी दारी यायलाच हवी होती. नवऱ्यानं जाताना मागं ठेवलं काय, तर एक गाय, आंब्याची दोन कलमं आणि हा सातवा नंबर. तो आपल्या हातून जायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"आई, पाय पसरून बसा जरा," नम्रता आतून म्हणाली. नम्रता सून. मिरजोळ्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. मुलगा दर्शन एसटीच्या डेपोत. शिमग्याच्या जादा गाड्या सुटायच्या, म्हणून त्याला सुट्टी नाही.

"देव दारात येणार आणि मी पाय पसरून बसू? तुझ्या कंपनीत बसत असतील तसं."

नम्रता हसली. सहा वर्षांत तिला सवय झाली होती. आज ती स्वतःही दमलेली होती. पंधरा दिवस रात्रीचं जेवण झाल्यावर गावाच्या पालखीचं काम घेऊन बसायची. आणि ते तिच्या गळ्यात कुणी बांधलं, तर यमुनाबाईनंच.

झालं होतं असं. पालखीचा क्रम आजवर केरू गुरवाच्या डोक्यात असायचा. कागद नाही, वही नाही. केरू पालखीच्या पुढं चालायचा, त्याच्या मागनं देव. पण आता केरूच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरनं उन्हात जाऊ नको सांगितलेलं. त्यात मुंबईकरांची मागणी, की आमच्या दारी पालखी किती वाजता येणार ते फोनवर दिसायला हवं. देवळात बैठक बसली. कमिटीचा अध्यक्ष ओमकार, पोरगेलाच, म्हणाला, रत्नागिरीतून कुणाला तरी बोलावू. तशी यमुनाबाई बायकांच्या घोळक्यातून उठून म्हणाली, "बाहेरचा कशाला? माझी सून असल्या गोष्टी डाव्या हातानं करते."

नम्रतेला हे घरी आल्यावर कळलं. सासूनं आपली स्तुती केली याचा आनंद करावा की आपल्याला जुंपलं याचा राग धरावा, हे तिला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मग केरू याच पडवीत येऊन बसला, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि एकेक दार सांगत गेला. नम्रता मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहीत गेली. यमुनाबाई चहा देता देता ऐकत होती.

"काय गो लिहितेस? नुसती नावं तर हायत."

"नावं कशी ठेवायची ते ठरवायला लागतं, आई. एक असते लिस्ट. ती म्हणजे आपली पंगत. पहिलं पान, दुसरं पान, तिसरं. कोण कुणाच्या शेजारी, ते पक्कं. पण केरूकाका मधेच म्हणतात, थांब, एक घर राहिलं. मग मधे पान मांडलं की पुढची सगळी पंगत सरकते."

"सरकेल नाय तर काय. आणि दुसरं?"

"दुसरा मॅप. तो म्हणजे भिंतीवरच्या खुंट्या. प्रत्येक खुंटीवर नाव लिहिलेलं, खुंटीला एक पिशवी. नाव सांगितलं की थेट त्याच खुंटीपाशी जायचं. मुंबईकरांनी घराचं नाव टाकलं की नंबर नि वेळ हातात. सगळी पंगत मोजत बसायला नको."

"म्हणजे देव खुंटीला टांगलात."

"देव नाही, आई. नंबर."

केरू चष्म्याआडून हसला. त्यानं सांगितलेली सगळी घरं मॅपात गेली. प्रत्येक दाराला दहा मिनिटं धरली, दुपारच्या जेवणाचा तास धरला, आणि कमिटीनं जाहीर केलं की यंदा कुणाची वादावादी नको, फोनमध्ये असेल तेच खरं. यमुनाबाई चार दिवस वाडीतून मान वर करून फिरली. घरात मात्र तिनं फोन उघडूनही बघितला नाही. सातव्या नंबरला आपण असणार, यात बघायचं काय? आणि नम्रतेला सवड नव्हती.

आता ढोल जवळ आला. सहावं दार खालच्या वळणावर. तिथं घराच्या भल्यासाठी देवीपुढं गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, ढोल पुन्हा सुरू झाला. यमुनाबाई चौरंगाला धरून उठली. पदर सारखा केला. ती आता सवाष्ण नव्हती, ओटी सून भरणार होती. नारळ मात्र आपण ठेवायचा, हे तिनं मनाशी धरलेलं.

पालखी वळण चढून आली. मुंबईची ताजी पोरं खांद्याला. गेटाच्या वीस पावलं अलीकडे फणस आहे, त्याच्या सावलीत पालखी टेकली. कुणीतरी कोकमाच्या सरबताची कळशी आणली. पोरं प्यायली, घाम पुसला, फोन बघितले.

"आई, थांबलेत का हे?" नम्रता दाराशी आली.

"दमली असतील. शहरातले खांदे ते."

पोरं दहा मिनिटं फणसाखाली उभी राहिली. मग ओमकारनं फोन बघितला, हात वर केला, ढोल वाजला, पालखी उचलली गेली. आणि गेटासमोरून, रांगोळीच्या रेघेला वळसा घालून, सरळ वर निघून गेली. आठव्या दारी.

यमुनाबाईनं हाक मारली नाही. मारली असती तर पोरं थांबली असती, कदाचित. पण देवाला हाक मारून दारात बोलावणारी बाई ती नव्हे. हातात ताट धरून ती उभी राहिली आणि ढोल लांब जाईपर्यंत तशीच उभी होती. मग ताट खाली ठेवून म्हणाली, "बघ तुझ्या खुंटीवर काय टांगलंय ते."

नम्रतेनं लॅपटॉप उघडला. आधी भराभर, मग सावकाश, मग तिचे हात थांबले.

"सात नंबर नाहीच आहे. सहा आहे, आठ आहे. मधे दहा मिनिटांची फट. ती पोरं सरबत पीत होती ना, ती... ती आपली दहा मिनिटं होती, आई."

"आपलं घर गेलं कुठं मग?"

"एकेचाळिसाव्या नंबरला. चार वाजून चाळीस मिनिटांनी." नम्रतेनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "चिमाकाकींच्या दारी."

चिमा म्हणजे यमुनाबाईची धाकटी जाऊ, भागोजीची बायको. नऊ वर्षांपूर्वी दोन भावांत एका गडग्यावरून, हद्दीच्या दगडी कुंपणावरून, बिनसलं. भागोजीनं वरच्या वाडीत वेगळं घर बांधलं, आणि तेव्हापासून दोघी जावा बाजारात समोरासमोर आल्या तरी मासे बघत पुढं जायच्या. भागोजीच्या नव्या घराला गावानं एकेचाळिसावं दार दिलं होतं.

"केरूकाकांनी सातव्या नंबरला सांगितलं, सदू रहाट्याचं घर," नम्रता म्हणाली. "मी लिहिलं. मग दीड तासानं एकेचाळीसला पुन्हा सांगितलं, सदू रहाट्याचं घर. तेही लिहिलं. माझ्या लक्षातच आलं नाही."

यात केरूची चूक नव्हती. गुरवाच्या तोंडी घर म्हाताऱ्याच्या नावानंच चालतं. चुली फुटल्या म्हणून तो नाव फोडत नाही. सात नंबरला सदू म्हटलं की थोरल्याचं, एकेचाळीसला म्हटलं की धाकट्याचं, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. कळतं ते जागेवरून. पंगतीत शेजार बघून माणूस ओळखावा तसं.

"आणि त्या मॅपानं दोन सदू बघून काही विचारलं नाय तुला?"

"मॅप विचारत नाही, आई. भांडत नाही, ओरडत नाही. तेच नाव दुसऱ्यांदा आलं, की जुनी पिशवी काढून टाकतो आणि नवी लावतो. एकशे सव्वीस सांगितली, आत एकशे पंचवीसच होती. एकदा मोजायला हवी होती मी. कामावर रोज मोजते."

"तुझ्या भागोजीकाकासारखाच म्हणायचा. तोंडानं चकार शब्द नाय, आणि घर मात्र बदलून मोकळा."

एरवी नम्रता हसली असती. आज तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "मी जाते. वरच्या वाडीत माइकवर सांगते, चूक माझी आहे म्हणून. पालखी परत आणायला लावते."

"पालखी मागं फिरत नाय. एवढं तरी शिकलीस का इथं राहून?" यमुनाबाई पायरीवर बसली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत. "आणि माइकवर काय सांगणार? माझी सून डाव्या हातानं करते म्हणून मी सांगून बसलेय. त्या बायका दोन शिमगे पुरवून खातील ते."

नम्रता लॅपटॉप मिटून तिच्या शेजारी बसली. गाय एकदा हंबरली, तर यमुनाबाईनं तिलाही दटावलं.

"एका खुंटीला एकच पिशवी राहते का गो?" ती मधेच म्हणाली.

"हो."

"मग खुंटीला टोपली टांगायची. टोपलीत दोन पिशव्या. त्यात काय एवढं?"

नम्रतेनं मान वर केली. नाक पुसलं. "तसंच करतात, आई. नावाच्या खुंटीला नंबर नाही, नंबरांची लिस्ट लावायची. सदू रहाट्याखाली सात आणि एकेचाळीस, दोन्ही. मी आत्ता करते."

"कर. पुढच्या वर्षी उपयोग होईल. यंदाचा देव गेला."

साडेअकराला ओमकार स्कूटरवरून आला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो गेटाबाहेरच उभा राहिला, हेल्मेट हातात घेऊन.

"काकी, माफ करा. फोनमध्ये सदू रहाटे चार चाळीसला दिसले. आम्हाला वाटलं, दोन घरं एक झाली. गेल्या वर्षी काका गेले, तेव्हा चिमाकाकी आल्या होत्या ना. म्हटलं, बरं झालं."

"वाटलं! आणि विचारायला काय झालं होतं तुझ्या जिभेला?"

ओमकार हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळला. "खरं सांगू, काकी? तुम्हाला विचारायला कोण येणार? कालच आमच्यात बोलणं झालं. तू जा, तू जा, करत कुणीच आलं नाही."

यमुनाबाईनं चौरंगावरच्या कोऱ्या पंच्याची घडी घातली.

"आता काय म्हणते तुझी कमिटी?"

"नियम तुम्हाला माहीत आहे. दुसरं वर्ष. फार तर शेवटच्या दिवशी शेवटी पालखी आणतो. एकशे सव्विसाच्या मागं. नाहीतर..." तो थांबला. "नाहीतर देव सदूच्या नावानं चार चाळीसला तिथं टेकणारच आहे. तिथं तुमची ओटी पडली, आणि त्या घरानं मान्य केलं, तर कुणाला बोलता येणार नाही."

"त्या घरानं म्हणजे चिमानं."

"दार त्यांचं आहे, काकी."

तो गेला. यमुनाबाईनं भात केला, दोघी जेवल्या. शेवटच्या दाराला जायचं म्हणजे सदू रहाट्याच्या तीन पिढ्या मागं नेऊन बसवायच्या. आणि वर जायचं म्हणजे चिमाच्या अंगणात हात पसरायचा. दोन्हीकडे कमीपणा होता. एक कमीपणा दरवर्षीचा, एक एका दुपारचा. तिनं भांडी घासता घासता हा हिशेब केला आणि चारला साडी बदलली.

"ताट उचल," ती नम्रतेला म्हणाली. "आणि वाटेत कुणी काही विचारलं तर मी बोलेन. तू फक्त चाल."

वरच्या वाडीचा चढ सरळ छातीवर येतो. जांभ्या दगडाची पायवाट, ऊन तिरकं, वाटेत सावली नावाला. यमुनाबाई तीन ठिकाणी थांबली आणि तिन्ही वेळा चप्पल नीट करायचं सोंग केलं. ताटातला नारळ नम्रतेनं हातानं धरून ठेवला होता, पडू नये म्हणून.

चिमाचं अंगण सारवलेलं, चौरंग मांडलेला. चिमा दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. दोघींना गेटात बघून तिनं हात खाली घेतले नाहीत.

"काय वैनी? सातव्या नंबरचा तोरा एकेचाळीसला आला?"

"चढ केवढा बांधलायस घरापुढं," यमुनाबाई म्हणाली. "बसायला दे आधी. तोरा मग काढ."

चिमानं खुर्ची पुढं ढकलली. प्लास्टिकची, एका पायानं हलणारी. भागोजी आतून तांब्याभर पाणी घेऊन आला, वहिनीपुढं ठेवलं, आणि कुणाकडे न बघता पुन्हा आत गेला.

"मला कळलंय सगळं," चिमा म्हणाली. "सकाळीच कळलं. फोनमध्ये तुझं दार पुसलं गेलं."

"माझ्या हातून झालं ते, काकी," नम्रता म्हणाली.

"तुला कोण विचारतंय, बाय? तू बस. तुझ्या सासूला तोंड आहे."

ढोल अंगणात आला. पालखी चौरंगावर टेकली. केरूच्या जागी यंदा त्याचा मुलगा संदेश होता. त्यानं ओट्यांची दोन ताटं बघितली, दोघी जावांकडे बघितलं, ओमकारकडे बघितलं, आणि गाऱ्हाण्यासाठी जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाला, "गाऱ्हाणं कसं घालू? सदू रहाट्याचं घर एक धरू की दोन? दोन धरलं तर ही ओटी एकेचाळिसाव्याची. सातवं दार चुकलं ते चुकलंच. एक धरलं तर देव सदूच्या घरी आला, सातव्याचा मानही राहिला. पण सांगायचं या दारानं."

सगळं अंगण चिमाकडे बघायला लागलं. यमुनाबाईनं बघितलं नाही. ती खुर्चीच्या हलणाऱ्या पायाकडे बघत होती. तिला एकदम इतका थकवा आला, की नाही म्हटलं तरी चालेल, फक्त लवकर म्हण, असं वाटलं.

चिमानं वेळ घेतला. तो तिचा होता, आणि नऊ वर्षं थांबून मिळालेला होता. तिनं पदर खोचला, समईची वात पुढं सारली, ताटातलं फूल उचलून पुन्हा ठेवलं.

"त्या गडग्यासाठी मला काय काय बोलली होतीस, आठवतं?" ती हळू म्हणाली. फक्त यमुनाबाईला ऐकू जाईल एवढं.

"आठवतं."

"मग?"

"मग काय? बोलले. जास्त बोलले." यमुनाबाईनं श्वास घेतला. "गडगा अजून तिथंच आहे. त्याला काय झालं नाय. आपल्यालाच झालं."

चिमानं खोचलेला पदर सोडला. मग संदेशकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "एक धर. चुली दोन, घर एक. पण लिहून घ्या रे सगळे. पुढच्या शिमग्याला सातव्या दारी मीही उभी राहणार. थोरलीच्या शेजारी. मागं नाय."

अंगणातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. ओमकार सुटल्यासारखा हसला. संदेशनं यमुनाबाईकडे बघितलं.

सातवं दार राहिलं होतं; पण आता ते तिचं एकटीचं नव्हतं. खाली उतरताना याचं काय वाटेल, ते खाली उतरल्यावर बघू, असं तिनं ठरवलं. खुर्चीच्या हाताला धरून ती उठली.

"उभी राहा की," ती चिमाला म्हणाली. "पण नारळ स्वतःचा आण. आणि दहाला पालखी असते, तू नऊलाच ये. अंगण मी एकटी सारवणार नाय आता."

"तुझं अंगण मी सारवू?"

"घर एक म्हणालीस ना आत्ता?"

संदेशनं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवी म्हाराजा..." आणि अंगणानं "व्हय म्हाराजा" म्हटलं. नम्रतेनं ओटी भरली, तिच्या शेजारी चिमानं भरली. यमुनाबाईनं पुढं होऊन नारळ ठेवला. वाकताना गुडघा अडला, तेव्हा चिमानं तिचा दंड धरला, आणि नारळ नीट बसेपर्यंत सोडला नाही.